प्रश्न वाचकांचे : अल्फा दीड सेंटीमीटरवरच का हरवतात?

प्रश्न : प्रॅक्टिकलला अल्फा कण सोडणाऱ्या अमेरिशियम-२४१ चा सोर्स जीएम (गायगर-म्युलर) ट्यूबपासून, म्हणजे कण मोजणाऱ्या वायूच्या नळीपासून, लांब नेत काउंट घेतले. पुस्तकात अल्फाचा हवेतला पल्ला ४.१ सेंमी दिलाय. आमचे काउंट दीड सेंमीलाच कोसळले, पण शून्यही झाले नाहीत. शिवाय अल्फा असो वा बीटा, ऑसिलोस्कोपवर पल्स सारखीच. ट्यूब गेली का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ट्यूब ठणठणीत आहे. पल्ल्याचा हिशेब अंतरात न करता वजनात करा. ४.१ सेंमी हवा म्हणजे दर चौरस सेंमीला सुमारे ५ मिलिग्रॅम. ट्यूबच्या तोंडाची अभ्रकाची खिडकी २ मिलिग्रॅमच्या आसपास असते. तीच जवळजवळ १.४ सेंमी हवेचं काम करते. त्यात सीलबंद सोर्सवर धातूचा पातळ थर असतो. त्यातून बाहेर पडताना अल्फाच्या मूळच्या ५.४८ पैकी समजा ४.५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट उरले, तर पल्ला ३ सेंमीच्या जरा वर येतो. खिडकी वजा केली की १.७. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, हवा विरळ, म्हणून एक-दोन मिलिमीटर परत मिळतात. पण खिडकी टोपणाच्या कडेपासून ३-४ मिमी आत असते आणि पट्टी कडेपासून मोजते. आला तुमचा दीड!

उरलेले काउंट बहुतेक ५९.५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या गॅमाचे, थोडे पार्श्वभूमीचे. मध्ये झेरॉक्सचा ८० जीएसएमचा एक कागद धरा. तो ८ मिलिग्रॅमचा, अल्फा पुरते अडतात. कागदासह येणारे काउंट वजा करा. अभ्रकाला मात्र चिमट्याचं टोकही लागू देऊ नका.

पल्स सारखी, कारण जीएममध्ये ती कणाची नसतेच, ट्यूबची असते. अल्फाने हजारो आयन-जोड्या (सुटलेला इलेक्ट्रॉन नि मागे उरलेला धन आयन) केल्या काय नि बीटाने दहा-वीस केल्या काय, ठिणगीला एक इलेक्ट्रॉन पुरतो. तिथून निघालेले अतिनील फोटॉन डिस्चार्ज तारेच्या टोकापर्यंत पसरवतात आणि तारेभोवती धन आयनांचं कवच जमलं की तो विझतो. ऊर्जा मोजायला जीएम वापरणं म्हणजे दाराच्या घंटीवरून पाहुण्याचं वजन सांगणं.

प्रश्न : आमच्या पी-टेन वायूच्या प्रपोर्शनल काउंटरवर (यात पल्स कणाने टाकलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात असते) पल्सच्या उंचीच्या आलेखात अल्फाचं शिखर सकाळी खाली असतं, तासाभरात वर सरकतं. तरीही ते पसरटच. व्होल्टेज वाढवावं का?
— प्रयोगशाळा सहायक, पुणे

उत्तर : आधी वायू बघा. पी-टेन म्हणजे ९० टक्के आरगॉन, १० टक्के मिथेन. रात्री प्रवाह बंद राहिला की हवा शिरते. त्यातला ऑक्सिजन तारेकडे निघालेले इलेक्ट्रॉन वाटेतच पकडतो, म्हणून पल्स खुजी. चेंबरच्या आकारमानाच्या किमान दहापट वायू सोडल्याशिवाय रीडिंग घेऊ नका. बाहेरच्या टोकाला तेलाचा बबलर लावा. सिलिकॉनची नळी असेल तर बदलून तांब्याची घाला. सिलिकॉनमधून हवा नि ओल दोन्ही झिरपतात, पावसाळ्यात तर विचारूच नका.

पसरटपणाचं कारण बहुधा चेंबरची कमी खोली. पी-टेनमध्ये ५.४८ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अल्फाला थांबायला चारेक सेंमी लागतात. तुमचं चेंबर २ सेंमीचं असेल तर सरळ निघालेला अल्फा अर्धवट ऊर्जा टाकून भिंतीवर आपटतो, तिरका गेलेला जास्त टाकतो. त्यातही आयनीकरण वाटेच्या शेवटाकडे सर्वांत दाट असतं. नेमका तोच भाग भिंतीत जातो. अशा चेंबरमध्ये शिखर कधीच टोकदार येणार नाही. मोजणीपुरतं ते उत्तम.

व्होल्टेज वाढवू नका, कमी करा. आरगॉनमध्ये एका आयन-जोडीमागे सुमारे २६ इलेक्ट्रॉन व्होल्ट खर्च होतात, म्हणजे पूर्ण थांबलेला अल्फा दोन लाख जोड्या करतो. एवढ्यांना शंभरपट वाढ पुष्कळ झाली. हजारोपट केलीत तर तारेजवळ साचलेले धन आयन तिथलं विद्युत क्षेत्र दाबतात. मग तारेला समांतर गेलेल्या अल्फाची पल्स मोठी आणि काटकोनात, एकाच ठिकाणी गर्दी करणाऱ्याची लहान दिसते.