पॅकेज ९५ हजारांचं, तयारी कितीची ठेवायची?

डिचोलीचे एक वाचक विचारतात: बायकोला सातवा महिना आहे. पणजीच्या खासगी इस्पितळाने नॉर्मलचे ९५ हजार, सिझेरियनचे १ लाख ४० हजार सांगितलेत. आई म्हणते गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात जा, सासूबाई म्हणतात पहिलं बाळंतपण माहेरी, कुडाळलाच. बचत २ लाख ८० हजार, घरखर्च नि हप्ता मिळून महिन्याला ३६ हजार जातात. एजंट नवी मॅटर्निटी पॉलिसी घ्या म्हणतोय. काय करू?

एजंटाला आधी वाटेला लावा. वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणासाठी महिनोन्महिने, कधी दोन-तीन वर्षंही थांबावं लागतं. सातव्या महिन्यात घेतलेली पॉलिसी या खेपेला उपयोगाची नाही.

तुमच्या डोक्यात ९५ हजार आहेत. मी १ लाख ४० हजारच धरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी इस्पितळांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारीत १४. १ लाख ४० हजार भरले की तुमच्याकडे चार महिन्यांचा खर्चही पुरता उरत नाही. त्यात बाळाला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, तर ते बिल बहुतेक पॅकेजबाहेर, दिवसावर चढणारं. खरी भीती मला या बिलाची आहे. दिवसाचा दर इस्पितळाकडून लिहून घ्या.

सरकारी इस्पितळात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण फुकट आहे. सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं त्यात येतं, आजारी नवजात बाळाचे उपचारही. गर्दी सोसावी लागेल, वेगळ्या खोलीची आशा धरू नका.

कुडाळचं म्हणाल, तर सासूबाईंच्या मायेबद्दल दुमत नाही. पण सिंधुदुर्गात केस गुंतागुंतीची झाली की पुष्कळदा बांबोळीलाच पाठवतात. दिवस भरत आलेल्या बाईला तिकडे न्यायचं आणि अडलं की त्याच हायवेने परत आणायचं, हे मला पटत नाही. बाळंतपण इकडे करा, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की बाळंतिणीला महिना-दोन महिने माहेरी धाडा. शेक-शेगडी, तेल-मालिश तिथेच होऊ दे.

आता तुमच्या पत्रात न आलेली गोष्ट. तुमच्या किंवा तिच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे का? अशा पॉलिसीत बाळंतपण अनेकदा पहिल्या दिवसापासून धरतात, मर्यादेसह. समजा ५० हजार मिळाले, तर सिझेरियन होऊनही तुमच्याकडे १ लाख ९० हजार उरतात, म्हणजे पाच महिन्यांची सोय. मग पणजीला माझी हरकत नाही. काहीच मिळत नसेल, तर गोमेकॉ. नाव मात्र दोन्ही बाबतींत तिथे आत्ताच घालून ठेवा, तपासणीच्या फाइलसकट.

आणखी एक. पत्रात आई आहे, सासूबाई आहेत, एजंटसुद्धा आहे. बायकोला काय हवंय ते कुठेच नाही. आज रात्री तिला विचारा आणि सोमवारी एचआरला: बाळंतपणाची मर्यादा किती, बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का, त्याचं नाव किती दिवसांत कळवायचं. उत्तर ईमेलवर घ्या.