आधी मिनिटं तपासा, मग चित्रपटाला नावं ठेवा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं, कारण हाच त्रास मी भोगलेला आहे. तुम्ही लागोपाठ दोन चित्रपट पाहिलेत, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' आणि १९२२ सालचा 'नोस्फेराटू'. पहिल्याबद्दल तुमची तक्रार अशी की तो सुस्त आहे, माणसं कुणाशी बोलतात तेच दिसत नाही आणि शेवटी शायेन या पात्राचं काय झालं याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्याबद्दल अशी की रक्तपिपासू काउंट ऑर्लोक लख्ख उन्हात शवपेटी काखेत मारून गावातून फिरतो, भीती कसली, हसूच आलं. यावरून तुम्ही ठरवलंत की जुने वेस्टर्न आणि जुने भयपट लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेत.

तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर टिपलंत. निष्कर्ष मात्र मला अजिबात मान्य नाही. तुमच्या या तक्रारी चित्रपटांच्या नाहीतच, तुमच्या हाती लागलेल्या प्रतींच्या आहेत.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' हा दिग्दर्शक लिओनेचा चित्रपट १९६८चा. अमेरिकेत तो चालेना, म्हणून पॅरामाउंट कंपनीने १६५ मिनिटांचा चित्रपट १४५ मिनिटांवर आणला. तुम्ही लांबी १४५ लिहिली आहे, तिथेच माझी नजर अडकली. त्या वीस मिनिटांत वाटेवरच्या व्यापारी ठाण्यातला लांब प्रसंग गेला, जिथे हार्मोनिका नावाचा नायक आणि शायेन पहिल्यांदा समोरासमोर येतात. शेवटाकडचे मॉर्टन हा रेल्वेमालक आणि शायेन यांचे प्रसंगही गेले. दोन महत्त्वाच्या माणसांची ओळख नाही आणि एकाचा निरोपही नाही, मग कथा तुटक वाटली यात तुमचा काय दोष?

वर तुमच्या प्रतीत फ्रेमही कापलेली दिसतेय. हा चित्रपट टेक्निस्कोप या पद्धतीने, २.३५:१ अशा रुंद पडद्यासाठी (रुंदी उंचीच्या २.३५ पट) चित्रित झालाय. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेल्या प्रतीत त्यातला ४० टक्क्यांहून जास्त भाग बाहेर जातो. आजच्या टीव्हीचा पूर्ण पडदा भरायला कापला तरी जवळजवळ चौथा हिस्सा जातो. आणि लिओने तर माणसांना दोन टोकांना उभं करून मधली रिकामी जागा बोलकी करणारा दिग्दर्शक. सुरुवातीचं स्टेशन आठवा. तीन माणसं गाडीची वाट बघताहेत, पवनचक्की कुरकुरते, टोपीवर पाण्याचा थेंब पडतो, एक माशी छळते, संवाद जवळपास नाहीतच. त्या वाळवंटात ती माणसं किती दूरदूर आहेत हे दिसलं तरच तो ताण चढतो. कडा कापल्या की उरतात नुसते बसलेले लोक, आणि मग 'सुस्त' हाच शब्द सुचणार. संगीतकार मॉरिकोनेने संगीत चित्रीकरणाआधीच रचलं होतं आणि ते सेटवर वाजवत चित्रीकरण होत असे. त्यामुळे कॅमेऱ्याची चालच संगीतावर बेतलेली आहे. तिथे कात्री लावणं म्हणजे तालाच्या मधोमध मात्रा गाळण्यासारखं आहे.

आता 'नोस्फेराटू'. रात्रीची बाहेरची दृश्यं दिग्दर्शक मुर्नाऊने दिवसा चित्रित केली, कारण तेव्हाच्या फिल्मवर खरीखुरी रात्र उमटवणं फार अवघड होतं. प्रेक्षकाला रात्र कळावी म्हणून प्रती रंगवल्या जात: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, पहाटेला गुलाबी. पुढे हे रंग नसलेल्या नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रती जगभर फिरल्या आणि ऑर्लोक भर दिवसा फिरायला लागला. यात नुसतं हसू येण्यापुरतं नुकसान नाही, अख्खा शेवट कोसळतो. ऑर्लोक संपतो तो सूर्याच्या पहिल्या किरणाने. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना पडद्यावर याच चित्रपटाने रुजवली, स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरू शकतो. मग तुमच्या प्रतीत जो आधीच उन्हातून शवपेटी घेऊन गेला, तो कोवळ्या उन्हाने का मरावा? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही चित्रपट नीट पाहिलात, इतकंच मी म्हणेन.

हा चित्रपट परवानगी न घेता 'ड्रॅक्युला'वरूनच केलेला होता, म्हणून स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि १९२५मध्ये न्यायालयाने या चित्रपटाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. त्यातूनही जे तगलं ते जोडून, मूळ रंगांच्या आधाराने, २००६ साली मुर्नाऊ प्रतिष्ठानने ९४ मिनिटांची प्रत सिद्ध केली. तासाभराच्या ज्या प्रती सापडतात त्यांतल्या बऱ्याच जास्त वेगाने पळवलेल्या असतात, म्हणून माणसं तुरुतुरु चालताना दिसतात.

आता माझ्यावर काय गुदरलं ते सांगते, कारण खरी किंमत कुठे मोजावी लागते ते त्यातून कळेल. (मी संग्रहालयातली तज्ज्ञ वगैरे नाही, बरीच वर्षं हे चित्रपट पाहणारी प्रेक्षक आहे. तेवढंच वजन द्या.)

'द विकर मॅन', १९७३, एका बेटावर तपासाला गेलेल्या पोलीस सार्जंटचा भयपट. याच्याबद्दल मी मित्रमंडळींचं डोकं खाल्लं होतं. वितरकाने तो सुमारे ८८ मिनिटांवर आणून प्रदर्शित केला. दिग्दर्शक रॉबिन हार्डीची लांब प्रत साधारण १०० मिनिटांची. फरक नुसत्या बारा मिनिटांचा वाटतो, पण काय गेलंय ते बघा. मुख्य भूमीवरचा सुरुवातीचा भाग गेला, जिथे सहकारी या सार्जंटच्या सोवळेपणाची टिंगल करतात. बेटावरच्या दोन रात्री एकाच रात्रीत कोंबल्या. बेटाच्या मालकाची पहिली झलक दाखवणारा रात्रीचा प्रसंगही गेला. या चित्रपटात भीती दचकवून येत नाही, ती दिवस चढत जातील तशी अंगात मुरते. एक रात्र कमी केली की सार्जंटचा निग्रह आणि त्या बेटाचा मोह यांतली झटापट अर्धी संपते.

एका सशुल्क सेवेच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: पूर्ण आवृत्ती. लांबीही तीच दाखवत होते. पैसे भरले, सगळ्यांना बोलावलं, दिवे घालवले, आणि पहिल्या काही मिनिटांतच कळलं की ही कापलेली प्रत आहे. मध्येच थांबवणं शक्य नव्हतं, लोक बसले होते.

दुसऱ्या दिवशी मदतकक्षाला लिहिलं. उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. मी मिनिटांबद्दल विचारतेय आणि हे ॲपबद्दल बोलताहेत! मग नेटचा वेग तपासायला सांगितला. वेग कमी असेल तर चित्रपट अडकत चालेल, ठरावीक प्रसंग तेवढे वेचून कसे गळतील? मग पडद्याचे फोटो मागितले. तेही पाठवले, सोबत कुठल्या प्रसंगानंतर कुठला प्रसंग हवा होता याची यादी दिली. त्यावर शेवटचं वाक्य आलं की 'आमच्या नोंदीनुसार चित्रपट पूर्ण लांबीचा आहे', आणि तक्रार बंद. माणसाने ती यादी वाचलीच नव्हती, हे उघड आहे. चित्रपट विकणाऱ्या ठिकाणी एकालाही आपण कुठली प्रत विकतोय हे माहीत नसावं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटू नये, याचा मला आजही संताप येतो. पानावरची लांबी तरी दुरुस्त करा म्हटलं, तेही केलं नाही. म्हणजे माझ्यानंतर येणारा प्रत्येक जण तसाच फसणार.

पैसे गेले त्याचं सोडा. त्या मित्रांनी चित्रपट 'ठीक, जरा विचित्र' म्हणून कायमचा बाजूला टाकला. या चित्रपटाचा शेवट माहीत नसताना पाहण्याची संधी एकदाच मिळते आणि ती त्या सेवेने त्यांच्याकडून हिरावून घेतली. नंतर मी चांगली प्रत मिळवली, पण 'पाहिलाय की तो' म्हणत कुणी पुन्हा बसायला तयार होईना.

म्हणून आता पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारते: नेमकी मिनिटं किती, फ्रेमचं प्रमाण काय, कुठल्या साली केलेली प्रत. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून घेत नाही. शक्य असेल तर डिस्क घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या डिस्कच्या वेष्टनावर हे सगळं छापलेलं असतं आणि बऱ्याचदा दोन-तीन आवृत्त्या एकत्र असतात. 'द विकर मॅन'ची २०१३ची ९४ मिनिटांची आवृत्तीही पुरेशी चांगली आहे. हार्वर्डच्या चित्रपट संग्रहात मिळालेल्या प्रिंटवरून ती केली आणि त्या दोन रात्री तिच्यात परत आल्या.

एक खबरदारी. मिनिटं कमी दिसली म्हणून लगेच कापाकापीचा आरोप करू नका. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो, युरोपातली जुनी टीव्ही पद्धत २५ ने. चित्रपट तसाच २५ ने पळवला की लांबी ४ टक्के घटते, १०० मिनिटांचा ९६ होतो, १६५चा साधारण १५८. दृश्य एकही गेलेलं नसतं, फक्त संगीत किंचित चढ्या पट्टीत ऐकू येतं. मॉरिकोनेच्या बाबतीत मला तेही खटकतं, पण ती वेगळी तक्रार.

आणि लांब तेच उत्तम, असंही समजू नका. इथे बरेच जण माझ्याशी भांडतील, भांडोत. लिओनेच्याच 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या इंग्रजी आवृत्तीत २००३ साली जुनी गाळलेली दृश्यं परत घातली. त्यांना इंग्रजी आवाज नव्हते, म्हणून त्यातले नट ईस्टवुड आणि वॉलॅक यांनी इतक्या वर्षांनी पुन्हा आवाज दिले. तिसरा नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेला होता, त्याच्यासाठी दुसऱ्याचा आवाज वापरला. तरुण चेहऱ्यातून म्हातारा आवाज येतो आणि मी तरी चित्रपटाबाहेर फेकली जाते. मला जुनी १६१ मिनिटांचीच आवडते. 'द शायनिंग'चं प्रकरण आणखी निराळं आहे. अमेरिकेतली १४४ मिनिटांची आणि युरोपातली ११९ मिनिटांची, दोन्ही दिग्दर्शक कुब्रिकनेच ठरवलेल्या. मी १४४ च्या बाजूची, पण ११९ पाहणाऱ्याला कुणी फसवलं असं म्हणता येणार नाही.

टीव्हीबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हाला माहीत असेलच. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. २०१९ नंतरच्या बऱ्याच टीव्हींत चित्र मूळ होतं तसंच दाखवणारा फिल्ममेकर मोड असतो, तो लावला की काम भागतं. चित्रातले कण पुसणारी 'नॉइज रिडक्शन' सेटिंग शून्यावर आणा. टेक्निस्कोपमध्ये प्रत्येक फ्रेमला फिल्मची निम्मीच उंची मिळते, त्यामुळे कण जाड दिसतात. ते कण पुसायला गेलं की लिओनेचे ते सुरकुतलेले, घामेजलेले चेहरे मेणाचे होतात. भयपट बघताना आवाज सपाट करणारा 'नाईट मोड' लावू नका, कुजबुज आणि किंकाळी एकाच उंचीवर आली तर घाबरायचं कशाला? आणि ब्राइटनेस वाढवण्यापेक्षा खोलीतले दिवे बंद करा. जुन्या वेस्टर्नमधल्या कितीतरी रात्री कमी उजेड घेऊन दिवसाच चित्रित केलेल्या आहेत. ब्राइटनेस वाढवलात की तिथेही दुपार उगवेल.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत, असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते मात्र प्रतीचं नाही. त्या काळच्या इटालियन चित्रपटांत आवाज नंतर भरायची पद्धत होती आणि सेटवर नट आपापल्या भाषेत बोलत. त्याकडे काणाडोळा करावा लागतो, थोड्या वेळात सवय होते.

पुढे काय बघावं असंही विचारलंत. आधी ९४ मिनिटांचा रंगीत छटांचा 'नोस्फेराटू', हान्स एर्डमानच्या मूळ संगीतासह, आणि तो रात्रीच. मग लिओनेची १६५ मिनिटांची प्रत, सलग. वेस्टर्न आणि भय एकत्र हवं असेल तर 'बोन टॉमाहॉक' (२०१५) आहे, १३२ मिनिटांचा, त्यात आवृत्त्यांची भानगड नाही. कर्ट रसेल शेरीफ आहे, चाल संथ आहे, आणि शेवटच्या भागात एक अत्यंत क्रूर दृश्य आहे, मला ते पाहवलं नाही. रक्तपात सोसत नसेल तर तो सोडा आणि कॅथरिन बिगेलोचा 'निअर डार्क' (१९८७) घ्या. रक्त त्यातही आहे, पण इतकं अंगावर येणारं नाही. धुळीच्या रस्त्यांवरून फिरणारी व्हॅम्पायरांची टोळी आहे, आणि 'व्हॅम्पायर' हा शब्द संपूर्ण चित्रपटात एकदाही कुणी उच्चारत नाही.