कागदी कोन सगळे सारखेच असतात का? वाइंडिंग मशीनला कोणता बसेल हे कसं ठरवायचं?

"पुरवठादार म्हणतो, हा कोन सगळ्या मशीनला चालतो." तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. वाइंडिंग खात्यात (जिथे सूत कागदी कोनावर गुंडाळतात) २२ वर्षं काढली, त्यातली निम्मी मेंटेनन्स सांभाळत. "पुठ्ठा तो पुठ्ठा, त्यात काय बघायचं" हे आमच्या खरेदीवाल्या साहेबांचं आवडतं वाक्य होतं. ते निवृत्त झाले, मीही झालो, पण तो वाद अजून मिटलेला नाही.

तुमच्याकडे एक जुना ड्रम वाइंडर (फिरत्या ड्रमवर कोन टेकवून सूत गुंडाळणारं मशीन) आहे, एक ऑटोकोनर (तेच काम आपोआप करणारं) आहे, आणि दोन्हींना एकच कोन घ्यायचाय. टेपर (बाजूचा उतार), लांबी, नोज (कोनाचं निमुळतं टोक) यांत आधी काय बघायचं असं विचारलंय. आधी टेपर, आणि मग पुन्हा एकदा टेपर. (मराठीत कोन म्हणजे अँगलसुद्धा, म्हणून गोंधळ नको; अँगलला मी टेपरच म्हणतो.) बाजारात ३°३०′, ४°२०′, ५°५७′ आणि ९°१५′ हे आकडे भेटतात. हा अर्धा अँगल असतो, म्हणजे कोनाच्या मधल्या अक्षापासून एका बाजूच्या उतारापर्यंतचा. दोन्ही बाजू धरून मोजाल तर दुप्पट येईल आणि उगाच पुरवठादाराशी भांडाल.

आता माझी गोष्ट, कारण त्यातच तुमचं बरंचसं उत्तर आहे.

आमचे सगळे ऑटोकोनर ५°५७′ चे, कोन १७० मिमी लांब. खात्यात हेल्परपासून मास्तरांपर्यंत सगळे "पाच सत्तावन" म्हणायचे. लिहिताना ५.५७. गोदामाच्या वहीत, डब्यावरच्या चिठ्ठीवर, सगळीकडे ५.५७. कुणाला कधी खटकलं नाही, कारण जुन्या पुरवठादाराला ते बरोबर कळायचं. मग साहेबांनी स्वस्तातला नवा पुरवठादार शोधला. तो तोवर सरळ ट्यूब बनवायचा, कोनात नवा होता. माल आला. आमच्या आवक तपासणीत लांबी मोजली, बेसचा (रुंद टोकाचा) व्यास मोजला, दहा कोन काट्यावर टाकले. सगळं ठाकठीक. दिसायलाही माल सुरेख होता.

पहिल्याच पाळीत मशीनवरचा पोरगा आला. म्हणाला, "साहेब, कोन नाचतोय." मी जाऊन पाहिलं तर खरंच, रिकामा कोन सुरू होताना नोजकडे थरथरत होता. मला वाटलं क्रेडलचं (कोन धरणाऱ्या चौकटीचं) बेअरिंग गेलं. दोन स्पिंडलची बेअरिंग बदलली. थरथर तशीच. अंगावर थोडं सूत चढलं की ती कमी व्हायची, म्हणून (हे माझं चुकलं) मी विषय सोडून दिला.

थरथर का होते ते बघा. सूत मिनिटाला १२०० मीटरने गुंडाळायचं आणि रिकाम्या कोनाचा सरासरी व्यास धरा ५ सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम १६ सेंटिमीटर सूत जातं. कोनाला मिनिटाला साडेसात हजारांच्या वर फेरे घ्यावे लागतात. मशीन वेग हळूहळू चढवते हे खरं, तरी एवढ्या फेऱ्यांत केसाएवढी ढिलाई खपत नाही. पुठ्ठा तो पुठ्ठा!

तीन आठवड्यांनी विणकराकडून तक्रार आली. वॉर्पिंगच्या (ताणा तयार करायच्या) क्रीलवर (कोन मांडायच्या चौकटीवर) कोन छान चालतो, पण तळाशी आला की सुताची वेटोळी एकदम घसरतात, गुंता होतो आणि धागा तुटतो. लगेच बैठक. क्वालिटीवाल्यांनी स्प्लायसरवर (तुटलेला धागा जोडणाऱ्या यंत्रावर) बोट ठेवलं. मास्तरांनी हवेतल्या ओलाव्यावर. साहेब म्हणाले, "क्रेडल जुनी झालीत, मेंटेनन्स नीट होत नाही." म्हणजे मी.

त्या रात्री मी परत आलेल्या कोनांतला एक घेऊन बसलो आणि शेवटचे थर उरेपर्यंत सूत उलगडलं. अंगठ्याने दाबून पाहिलं. नोजकडे लाकडासारखं घट्ट, बेसकडे अंगठा आत जातोय. मग एक कोरा कोन क्रेडलमध्ये धरला, हाताने ड्रमवर टेकवला आणि मागून टॉर्च मारला. नोजकडे कोन ड्रमला चिकटलेला, आणि तिथून बेसकडे रुंद होत गेलेली प्रकाशाची पाचर. बेसपाशी फटीत पोस्टकार्ड सहज सरकत होतं. कपाटात जुन्या पुरवठादाराचे दोन कोन पडले होते, त्यातला लावला. फट गायब.

व्हर्नियर काढला. बेस दोघांचा सारखा. नोज नव्या कोनाचा २ मिमी मोठा.

नव्या पुरवठादाराला फोन लावला. तो बिचारा सरळ म्हणाला, "ऑर्डरवर ५.५७ होतं, आम्ही ५.५७ चं मँड्रल (कोन घडवायचा साचा) करून घेतलं." आणि तो बरोबर होता! ५७ मिनिटं म्हणजे ०.९५ अंश. आमचा टेपर दशांशात ५.९५ आणि त्याने बनवला ५.५७. नोज आतूनही तेवढाच मोठा, म्हणून नोजकडचा अडॅप्टर (कोन आतून धरणारा भाग) आत सैल आणि कोन नाचायचा. टेपर कमी, म्हणून कोन ड्रमवर नोजकडूनच टेकायचा, तिकडचे थर घट्ट आणि बेसकडचे ढिले. तळाचे ढिले थर उलगडताना सगळे मिळून घसरायचे. स्प्लायसरचा काडीचा संबंध नव्हता.

तेव्हा तुमच्यासाठी: पुरवठादाराच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका, हिशोब स्वतः करा. बेसच्या बाहेरच्या व्यासातून नोजचा बाहेरचा व्यास वजा करा. नोजची कड आत वळवलेली असते, म्हणून गोलाई सोडून जिथे सरळ उतार सुरू होतो तिथे मोजा, आणि लांबीही तिथूनच धरा. १७० मिमी लांबीत ५°५७′ ला फरक साधारण ३५.४ मिमी यायला हवा, ४°२०′ ला २५.८, ३°३०′ ला २०.८. आमच्या त्या मालात ३३.२ येत होता. व्हर्नियर आणि दोन मिनिटं एवढंच लागतं, पण आवक तपासणीत नोज कुणी मोजतच नाही. बेस मोजतात, कारण तो मोठा असतो आणि हातात पटकन येतो.

दोन्ही मशीनना एकच कोन चालेल का? दोन्ही क्रेडल एकाच टेपरला लावलेली असतील आणि अडॅप्टर त्याच आतल्या व्यासाचे असतील तर चालेल. जुन्या ड्रम वाइंडरवर बहुतेक वेळा क्रेडलचा तिरपेपणा बदलता येतो, तेव्हा ऑटोकोनरचा टेपर पक्का धरा आणि जुन्याला त्याच्याकडे आणा. उलटं करू नका. टॉर्चची युक्ती दोन्हीकडे लागू पडते.

नोजबद्दल थोडं. सूत उलगडताना नोजवरूनच ओढलं जातं, म्हणून तिथे कागदाचा एक कुसळ जरी उभा असला तरी बारीक काउंटचं (कमी जाडीचं) सूत त्यात अडकतं. मी प्रत्येक लॉटमधले वीसेक कोन उचलून नोजवरून कापसाचा बोळा फिरवायचो. बोळ्याचा तंतू अडकला की तो कोन बाजूला. यावरही साहेब हसायचे. हसोत.

अंग मात्र गुळगुळीत नको, नाहीतर पहिले थर धरत नाहीत. सुती धाग्याला दाणेदार पृष्ठभाग पुरतो. पुढे गिऱ्हाईक क्रीलवर एका कोनाचं टोक दुसऱ्याला जोडणार असेल तर बेसकडे टेलसाठी (सुताच्या मोकळ्या शेपटासाठी) खाच आहे का ते बघा. नोजच्या टोकाचे रंग काउंट ओळखायला असतात, तिथे लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका. रंगांधळा माणूस पाळीत असतो आणि तो सांगत नाही. एकाला पट्टे घ्या. वजनात सारखेपणा हवा, कारण सूत वजनावर विकलं जातं आणि कोनाचं वजन ठरीव धरून वजा होतं. कोन ५ ग्रॅमने जड निघाला तर तेवढं सूत गिऱ्हाइकाला कमी गेलं. भरलेले कोन तुम्ही वाफेवर घेत असाल तर त्यात डिंक सुटत नाही ना हे चार कोन वाफवून आधी पाहा. दमट जागी ठेवलेला कोन फुगतो, लंबगोल होतो. आणि वापरलेले कोन परत ऑटोकोनरवर लावू नका, मग कुणीही काहीही हिशोब दाखवो.

एक राहिलंच: तुमचं सूत कोनावरच रंगवायला जाणार असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. कागदी कोन रंगाच्या भांड्यात टिकत नाही, तिथे भोकांचे प्लास्टिकचे लागतात.

ऑर्डर देताना टेपर अंश-मिनिटांत लिहा, शेजारी दशांशातही लिहा, दोन्ही टोकांचे आतले-बाहेरचे व्यास टाका आणि चालू कोनाचा एक नमुना सोबत पाठवा. ते खरेदी खात्याचं काम आहे. खात्याने मागणी द्यायची, पुरवठादाराला कळेल असं लिहिणं खरेदीने बघायचं. हे मी त्या बैठकीतही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

साहेबांचं म्हणणं असं की मागणीपत्रावरच ५.५७ होतं, त्यांनी फक्त ते पुढे उतरवलं. तर हो, होतं. मागणीपत्र माझ्या हातचं होतं. पण नोज न मोजता माल आत घेतला तो त्यांच्या सहीने.