‘कलेक्टर’चं लायसन मिळालं म्हणजे नक्की काय मिळालं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या ईशापूरच्या रायफलबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की ती अमेरिकेत कलेक्टर लायसनवर थेट घरी आली, आणि त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं सदर त्यालाच देतोय. काही प्रश्न वाचून काळजी वाटली म्हणून स्पष्ट लिहितो.

प्रश्न (डॅलस): काका, माझ्या मित्राने कलेक्टर लायसन काढलंय. म्हणतो मी आता ऑलमोस्ट डीलर झालो, कुठलीही गन कुठल्याही राज्यातून घरपोच मागवू शकतो. खरं आहे का?

नाही. आणि हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय. या लायसनला टाइप ०३ म्हणतात, बोलताना सगळे ‘सी अँड आर’ म्हणतात म्हणजे क्युरिओ अँड रेलिक. एटीएफ हे बंदुकांवर देखरेख करणारं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं खातं ते देतं, ३ वर्षांचे ३० डॉलर, वय २१ पूर्ण हवं, आणि अर्जाची एक कॉपी तुमच्या इथल्या पोलीस चीफला किंवा शेरीफला पाठवायची. डीलरचं लायसन वेगळं, ते टाइप ०१, त्याची फी वेगळी आणि जबाबदाऱ्याही वेगळ्या.

आता मिळतं काय? १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमुळे साध्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या कुणाकडून बंदूक मागवली तर ती आधी आपल्या राज्यातल्या डीलरकडे येते, तिथे जाऊन फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक व्हायचा, मग ती हातात मिळते. सी अँड आर वाल्याने सही केलेली लायसनची कॉपी विकणाऱ्याला पाठवली की ती बंदूक सरळ लायसनवरच्या पत्त्यावर येऊ शकते, पण *फक्त ती बंदूक स्वतः क्युरिओ किंवा रेलिक असेल तरच*. सगळी गोम इथे आहे. लायसनवर नाव माणसाचं असतं पण ते चालतं वस्तूवर. तुमच्या मित्राला गेल्या वर्षी बनलेलं पिस्तूल हवं असेल तर तो इतर कुठल्याही गिऱ्हाइकासारखाच काउंटरपाशी उभा राहणार, फॉर्म भरणार, चेकची वाट बघणार.

‘ऑलमोस्ट डीलर’ हे डोक्यात येतं कुठून तेही सांगतो. सुटे भाग, सफाईचं सामान विकणारी काही दुकानं हे लायसन दाखवलं की डीलरच्या भावात माल देतात. ती दुकानदाराची मर्जी आहे, कायद्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण एकदा तो भाव मिळाला की माणसाला वाटायला लागतं आपण त्या बाजूचे झालो.

प्रश्न (पुणे): मुलगा ह्यूस्टनला असतो, फोनवर म्हणाला कलेक्टरचं लायसन मिळालं. तिथेही कलेक्टर कचेरीतूनच मिळतं का? आणि दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवू देतात का?

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, आपल्याकडे कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी. तिकडे या शब्दाचा अर्थ संग्राहक, जुन्या वस्तू जमवणारा. दोनची मर्यादा भारतातली, २०१९ च्या दुरुस्तीने ३ वरून २ वर आली, आणि वारसाने आलेली बंदूक असली तरी दोनच्या वर जाता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात आकड्याची अशी मर्यादा नाही. पण आजोबांची गावाकडची बंदूक मुलाला या लायसनवर तिकडे पाठवता येईल असं मनात असेल तर थांबा, आयातीला एटीएफची वेगळी परवानगी आधी घ्यावी लागते आणि इथून बाहेर न्यायचे नियम वेगळेच.

प्रश्न (न्यू जर्सी): मी एच-वन-बी वर आहे. मला शूटिंग नको, फक्त दुसऱ्या महायुद्धातली एक ली-एनफील्ड (ब्रिटिश लष्करी रायफल) भिंतीवर लावायचीय. सी अँड आर काढलं तर चालेल ना?

हा प्रश्न वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. कृपया असं काही करू नका. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस *बाळगणं* हाच फेडरल गुन्हा आहे, मग ती भिंतीवर असो नाहीतर कपाटात, एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन सगळे त्यात आले. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन. पण संग्राहक असणं हा काही अपवाद नाही, म्हणजे सी अँड आरने ही बंदी उठत नाही. शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत आहे, आणि दोषी ठरलात तर हद्दपारीही होऊ शकते. ग्रीन कार्ड आलं की ही बंदी राहत नाही. तोवर धीर धरा, आणि हंटिंग लायसनच्या वाटेने जायचंच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, ऑफिसातल्या मित्राला नाही.

आणि तुम्ही न्यू जर्सीत आहात. फेडरल लायसनने राज्याचे नियम पुसले जात नाहीत, हेही पुष्कळांना माहीत नसतं. इलिनॉयमध्ये राहणाऱ्याला फॉइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) लागतंच, कॅलिफोर्नियाचे स्वतःचे दाखले आहेत. एटीएफचा कागद आला म्हणून राज्य गप्प बसत नाही.

प्रश्न (अटलांटा): जुनी म्हणजे किती जुनी? आणि कलेक्टर एडिशन लिहिलेली गन आपोआप यात येते का?

बंदूक बनून ५० वर्षं झालेली हवीत, आणि ती मूळ स्वरूपात हवी. हे ५० वर्षांचं माप सरकत राहतं, १९७५ साली बनलेली २०२५ मध्ये यात आली. त्याशिवाय दोन वाटा आहेत, सरकारी म्युझियमच्या क्युरेटरने दाखला दिला तर, किंवा तिची बरीचशी किंमत दुर्मिळपणामुळे किंवा एखाद्या ऐतिहासिक व्यक्ती, घटना, काळाशी नातं असल्यामुळे असेल तर. मात्र डब्यावर ‘कलेक्टर एडिशन’ छापलंय एवढ्यावर काही होत नाही, तो कंपनीचा शब्द आहे. नवीन बनवलेली नक्कलही वयाच्या हिशोबात चालत नाही, म्हणजे १९१८ ची खरी कोल्ट १९११ (हे पिस्तुलाच्या मॉडेलचं नाव) यात बसते पण तिची आजची कॉपी दिसायला हुबेहूब असली तरी नाही.

मूळ स्वरूप ही अट लोक विसरतात. युद्धानंतर हजारो लष्करी रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि लोकांनी शिकारीसाठी त्यांचे दस्ते कापले, नळ्या छाटल्या, स्पोर्टराइझ्ड म्हणतात त्यांना. अशी रायफल ८० वर्षांची असली तरी निव्वळ वयावर सी अँड आर राहत नाही. एखादा भाग बदललाय, नेम धरायची साइट वेगळी बसवलीय, एवढ्याने बिघडत नाही. विकत घेताना फोटो नीट बघा, विकणारा ‘जुनी आहे हो’ म्हणतो त्यावर जाऊ नका.

अजून एक, १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक. तिला गन कंट्रोल अ‍ॅक्ट फायरआर्म मानतच नाही, म्हणजे तिच्यासाठी हे लायसन लागतही नाही. अँटिक आणि सी अँड आर हे दोन शब्द सर्रास एकासारखे वापरले जातात, पण दोन्हींच्या मधे कायद्याची अख्खी भिंत आहे.

माझी ईशापूर १९६७ ची आहे, कोलकात्याजवळच्या कारखान्यात बनलेली, सगळे लाकडी भाग मूळचे. मी खडकीचा, आमच्या तिथली अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची, आणि इथे एका गन शोमध्ये थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाशी ‘केएफ’ ही अक्षरं दिसली, म्हणजे किरकी फॅक्टरी, तेव्हा मी बराच वेळ ते काडतूस हातात धरून उभा होतो. या छंदात मी त्या दिवशी पडलो.

प्रश्न (फीनिक्स): ५० वर्षांपेक्षा जुनी मशीनगन असेल तर या लायसनवर घेता येईल?

निव्वळ या लायसनवर नाही. मशीनगनला १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट लागतो आणि वयाने तो सुटत नाही. आधीपासून सरकारदरबारी नोंद असलेली हवी, नावावर करून घ्यायचा फॉर्म ४, बोटांचे ठसे, २०० डॉलर टॅक्स, मंजुरी येईपर्यंत थांबणं, सगळं करावंच लागतं. सी अँड आरचा उपयोग इतकाच की ती दुसऱ्या राज्यातून थेट तुमच्या नावावर होऊ शकते, मधे डीलर लागत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या सैनिकाच्या माळ्यावर युद्धातून आणलेली, नोंद नसलेली मशीनगन सापडली तर तिला हात लावू नका, वकिलाला फोन करा. १९६८ च्या नोव्हेंबरात महिनाभर माफीची मुदत होती, तेव्हा नोंद केली नाही तर साध्या माणसाला ती आता नोंदवता येत नाही.

प्रश्न (शिकागो): लायसन आहे म्हणून लुगर (जुनं जर्मन पिस्तूल) कमरेला लावून फिरता येतं का?

नाही. जवळ बाळगून फिरण्याचा परवाना राज्याचा आणि पूर्ण वेगळा.

प्रश्न (सिअ‍ॅटल): स्वस्तात घेऊन थोडा नफा ठेवून विकलं तर काय हरकत आहे? आणि घरी इन्स्पेक्शनला येतात असं ऐकून बायको घाबरलीय.

पहिलं आधी. संग्रह वाढवायचाय म्हणून एखादी विकून दुसरी घेतली, किंवा पुढे सगळा संग्रहच विकला, तर त्याला कायदा धंदा मानत नाही. पण नफ्यासाठी घ्यायची आणि फिरवायची असं चालू केलंत तर तो धंदा, आणि त्याला टाइप ०१ लागतं. २०२२ मध्ये ही व्याख्या अजून कडक झाली, आधी पोट त्यावर चालतंय का हे बघत, आता मुख्य उद्देश नफा आहे का हे बघतात, म्हणजे नोकरी सांभाळून शनिवार-रविवार विकणाराही त्यात येऊ शकतो. विना-लायसन धंद्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय दुसऱ्या राज्यातल्या बिनलायसनच्या माणसाला तुम्ही बंदूक थेट पाठवून विकू शकत नाही, तो तुमचा सख्खा मावसभाऊ असला तरी.

वहिनींना सांगा, वर्षातून जास्तीत जास्त एकदा नोंदी तपासायला येऊ शकतात, आणि घरी नको असेल तर वही आणि बंदुका घेऊन जवळच्या एटीएफ ऑफिसात जायचा पर्याय तुमच्या हातात आहे. वही मात्र चोख हवी, या लायसनवर आलेली प्रत्येक सी अँड आर लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत लिहायची, गेलेली ७ दिवसांत. मी वही कपाटाच्या आतल्या बाजूलाच ठेवतो, रायफल आत जायच्या आधी नोंद होते. आणि त्यातली एखादी चोरीला गेली किंवा हरवली तर कळल्यापासून ४८ तासांत एटीएफला आणि पोलिसांना, दोघांनाही कळवायचं, एकालाच कळवून भागत नाही.