मदत मागण्यात कमीपणा कसला?

प्रश्न: ताई, मी 21 वर्षांची, सात वर्षं ख्याल (शास्त्रीय गायन) शिकतेय. शिवाजी विद्यापीठात संगीतात एम. ए. करायचंय. बाबा गुऱ्हाळावर कामाला आहेत. शिष्यवृत्ती मागायला त्यांना कमीपणा वाटतो. काय करू?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर: बाबांना सांग, खुद्द थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात आश्रय दिला होता. कलावंताला आधार देणं ही आपल्या कोल्हापूरची रीतच आहे.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, 2 वर्षं. गुरूकडे किमान 5 वर्षं शिकलेलं लागतं, तू त्यात बसतेस. हे पैसे पुढच्या तालमीसाठी असतात, म्हणून फी-सवलतीचं विद्यापीठात वेगळं विचारून घे.

सगळ्यात जपायचं ते गुरूंचं पत्र. ‘मुलगी चांगली गाते’ एवढ्यावर भागवू नकोस. कोणत्या साली शिकायला लागलीस, कोणते राग झाले, आठवड्याला किती तालीम, सगळं त्यात येऊ दे. निवड समितीपुढे गावंही लागतं. तिथे अवघड राग दाखवायच्या नादी लागू नकोस. यमन पक्का असेल तर यमनच गा, विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, सावकाश मांड.

आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव.