वाचकांचे प्रश्न : सीव्हीटी, ऑईल आणि नागपूरचा मे महिना

या वेळच्या टपालात सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या, पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पत्रे इतकी होती की बॅटरी आणि टायरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले.

प्रश्न : २०१७ ची होंडा सिटी सीव्हीटी बघून ठेवली आहे, ६२ हजार किलोमीटर झालेली. मोठे दीर म्हणतात, सीव्हीटी म्हणजे अॅक्टिव्हाचाच बेल्ट, कधी रस्त्यात बसवेल नेम नाही. घ्यावी का? (मनीषनगर)

उत्तर : तुमच्या दिरांचे अर्धे बरोबर आहे. तत्त्व तेच. दोन पुली, त्यांच्या बाजू आत-बाहेर सरकतात आणि मधला पट्टा लहान-मोठ्या घेरावर चढतो-उतरतो. पण अॅक्टिव्हाचा पट्टा रबरी, कोरडा आणि ओढणारा. तो वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलायचाच असतो. कारमधला पट्टा पोलादी असतो. पोलादाच्या पातळ कड्यांवर सुमारे चारशे चकत्या खेटून ओवलेल्या असतात आणि त्या एकमेकींना ढकलत ताकद पुढे नेतात. ह्युंदाई-कियाच्या आयव्हीटी नावाच्या सीव्हीटीत त्याऐवजी साखळी आहे. हे सगळे ऑईलमध्ये बुडून चालते आणि पुलीच्या बाजू ऑईलच्याच दाबाने पट्ट्याला आवळून धरतात.

म्हणून हा पट्टा तुटण्याची भीती कमी, घसरण्याची जास्त. ऑईल जुने झाले, कमी पडले किंवा चुकीचे भरले की पकड सैल होते. पट्टा एकदा जरी जोरात घसरला तरी पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा येतो. तो ओरखडा चकत्यांच्या कडा खरवडतो, पोलादाची बारीक भुकटी ऑईलमध्ये उतरते आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑईलचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांत अडकते. दाब आणखी पडतो, घसरण आणखी वाढते. विकणाऱ्याला पट्ट्याचे नका विचारू. गिअरबॉक्सचे ऑईल कधी बदलले आणि कोणते भरले, त्याचे बिल मागा. बिल नसेल तर बदललेले नाही असेच धरून भाव करा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सुरू करून ठेवू नका असे सांगून ठेवा. थंड इंजिनावर ब्रेक दाबून आरमध्ये (रिव्हर्स) टाका, मग डीमध्ये (ड्राइव्ह). साधारण सेकंदाभरात गाडीने पकड घेतली पाहिजे. दोन-तीन सेकंद विचार करत बसली तर आतला दाब कमी आहे. मग बर्डीच्या गर्दीतून वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून बुटीबोरीपर्यंत जाऊन या. गर्दीत २० ते ४० च्या वेगात अॅक्सिलरेटर अगदी हलका ठेवून थरथर येते का पाहा. मोकळ्या रस्त्यावर काचा बंद करून, गाणी बंद करून ऐका. वेगासोबत चढत जाणारी घरघर पुलीच्या बेअरिंगची असू शकते, चाकाच्या बेअरिंगचीही. स्टिअरिंग हलके डावी-उजवीकडे वळवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाची समजा आणि निःश्वास सोडा, ती दुरुस्ती स्वस्त आहे. परत आल्यावर तापलेल्या गाडीत आर-डीची चाचणी पुन्हा करा. गरम, पातळ ऑईलवरच कमजोर दाब उघडा पडतो.

स्कॅनर लावाल तेव्हा तो गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधले (संगणकातले) दोषाचे कोड वाचतो का ते आधी पाहा, स्वस्तातले बरेच फक्त इंजिनचे वाचतात. ‘कोड पुसल्यानंतरचे किलोमीटर’ हा आकडाही बघा. तो १५ किंवा २० दिसला तर काल संध्याकाळीच कोणीतरी कोड पुसून ठेवले आहेत.

प्रश्न : सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात सीव्हीटीचे ऑईल लाइफटाइम आहे, हात लावू नका. आमचा मेकॅनिक म्हणतो ४० हजाराला बदला आणि साधे ऑटोमॅटिकचे ऑईल चालते. ऐकायचे कोणाचे? (गांधीबाग)

उत्तर : दोघांचेही पूर्ण नाही. काउंटरवर काय सांगतात ते सोडा, गाडीसोबत आलेल्या पुस्तकात खडतर वापराचे वेगळे कोष्टक असते का ते काढून वाचा. खूप उष्णता, धूळ, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, सतत पूर्ण भार, हे सगळे त्यात येते. आता यातले नागपुरात काय नाही ते सांगा. पुस्तकात ४० हजारांहून कमी अंतर दिले असेल तर ते पाळा, नसेल तर आमच्या मते तेच ४० हजार किलोमीटर किंवा चार वर्षे, जे आधी येईल ते. इथे मेकॅनिकचे बरोबर.

पण साधे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचे ऑईल, कदापि नाही. नेहमीच्या ऑटोमॅटिकच्या ऑईलचे काम क्लच आणि गिअर सांभाळण्याचे. सीव्हीटीच्या ऑईलला त्याशिवाय पोलादावर पोलादाची पकड टिकवावी लागते, वंगण असूनही घसरू द्यायचे नाही. होंडाला एचसीएफ-२, निस्सानच्या बऱ्याच गाड्यांना एनएस-३, ह्युंदाईच्या आयव्हीटीला एसपी-सीव्हीटी १. पुस्तकात किंवा ड्रेन बोल्टजवळच्या खुणेवर जे लिहिले असेल तेच. ‘सगळ्या सीव्हीटींना चालते’ असे लिहिलेल्या डब्यापेक्षा कंपनीचे ऑईल दोन पैसे महाग असले तरी घ्या.

बदलताना गाडी सपाट जागी आणि लेव्हलमध्ये उचललेली हवी. ड्रेन बोल्ट काढल्यावर निघालेले ऑईल मापाच्या भांड्यात घ्या, कारण तेवढेच परत भरायचे असते. लहान-मध्यम गाड्यांत एका वेळी साधारण ३ ते ४ लिटर निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि वाटांमध्ये राहते. एकूण ७ लिटरपैकी साडेतीन बदलले तर निम्मे नवे झाले. हजारेक किलोमीटर चालवून पुन्हा साडेतीन बदलले की पाऊण हिस्सा नवा. ६०-७० हजारांपर्यंत कधीच बदलले नसेल तर हाच मार्ग. मशीन लावून दाबाने धुण्याच्या फंदात पडू नका, तळाशी बसलेली भुकटी उठून व्हॉल्व्ह बॉडीत जाते. ऑईल पॅन काढलाच तर आतल्या चुंबकांवर बघा. काळसर मऊ लेप चालतो. बोटाला टोचणारे कण किंवा चमचमणारे पत्रे दिसले तर ते ऑईल बदलून मिटणारे दुखणे नाही. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा.

खरी चूक होते ती लेव्हल पाहताना. बहुतेक गाड्यांत डिपस्टिक नसते. इंजिन सुरू ठेवून लेव्हलचा बोल्ट उघडायचा आणि बारीक धार थेंबावर आली की बंद करायचा. हे ऑईल ठरावीक तापमानाला असतानाच करायचे असते. अनेक गाड्यांत ते ४० अंशांच्या आसपास आहे, काहींत जास्त, म्हणून आकडा मॅन्युअलमधून घ्या. मेच्या दुपारी इथे सावलीतच ४५ अंश असतात. चालवून आणलेल्या गाडीचे ऑईल ७०-८० वर असते आणि फुगलेले असते. त्या वेळी बोल्ट उघडला की जास्तीचे वाटून गरजेचे ऑईलही वाहून जाते, मग थंड झाल्यावर लेव्हल कमी. उन्हाळ्यात गाडी आदल्या रात्री गॅरेजात सोडा आणि सकाळी पहिले काम तुमचे घ्यायला सांगा. स्कॅनरवर ऑईलचे तापमान बघितल्याशिवाय बोल्ट उघडणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

प्रश्न : भाऊ, माझी गाडी ३०-४० च्या स्पीडले थरथरून राहिली. जोरात दाबलं का बंद होते. दोघांनी सांगितलं का पूर्ण गिअरबॉक्स बदला. काय करू? (मानेवाडा)

उत्तर : बदलू नका, निदान आत्ता तरी. आधी इंजिन निर्दोष आहे का ते तपासून घ्या. खराब स्पार्क प्लग किंवा कॉइलची मिसफायर (ठिणगी चुकणे) हलक्या अॅक्सिलरेटरवर अशीच थरथरते. खचलेले इंजिन माउंटही (इंजिनचा रबरी आधार) हाच भास देते, पण ते डीमध्ये टाकून ब्रेकवर उभे असतानाही जाणवते. हे दोन्ही ठीक असेल तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचवर, म्हणजे कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणाऱ्या क्लचवर. कमी वेगात तो धरायला लागतो आणि थकलेल्या ऑईलमध्ये धर-सोड करतो, जोर दिला की सुटतो म्हणून थरथर थांबते. तुमचे वर्णन याच्याशी जुळते. वर सांगितले तसे दोन वेळा ऑईल बदलून हजारेक किलोमीटर चालवून बघा.

मात्र पी०७४६ सारखा प्रेशर सोलेनॉइडचा (ऑईलचा दाब ठरवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) कोड असेल तर पट्टा घसरतो आहे का याचा शोध घ्यावा लागेल. स्कॅनरवर पुलीचा कंट्रोलरने मागितलेला आणि प्रत्यक्ष रेशो (गिअरचे प्रमाण) शेजारी-शेजारी लावून गाडी चालवा. दोन रेषा चिकटून चालल्या तर पट्टा धरतो आहे. थरथरीच्या क्षणी त्या फाकल्या तर पॅन उघडा. व्हॉल्व्ह बॉडी बदलावी लागली तर तिचा कॅलिब्रेशन डेटा कंट्रोलरमध्ये भरावा लागतो. तो न भरता गाडी हातात दिली की आठवड्यात तीच तक्रार परत येते, आणि मग दोष नव्या भागावर जातो.

प्रश्न : यूट्यूबवर अमेरिकेतले लोक सीव्हीटीला शिव्याच देताना दिसतात. निस्सानची मॅग्नाइट टर्बो सीव्हीटी घ्यायचा विचार त्यामुळे डळमळला आहे. (कामठी)

उत्तर : शिव्यांना कारण होते. निस्सानने अमेरिकेत २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची गिअरबॉक्स वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख २० हजार मैल, म्हणजे सुमारे १ लाख ९३ हजार किलोमीटरपर्यंत वाढवली होती. पण त्यांत साडेतीन लिटरच्या व्ही-६ इंजिनाची मुरानोही होती. मॅग्नाइटचे इंजिन १ लिटरचे. तेच इंजिन मॅन्युअलसोबत १६० न्यूटन मीटर टॉर्क देते आणि सीव्हीटीसोबत १५२. पट्ट्याला किती ओढ झेपेल याचा हिशेब त्या आठ न्यूटन मीटरच्या फरकात आहे. म्हणून एक पथ्य पाळा : ‘रिमॅप करून (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून) वीस टक्के पॉवर वाढवून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारातही जाऊ नका. एक्सटेंडेड वॉरंटी मात्र जरूर घ्या. आत बिघडले की बहुतेक ठिकाणी सुटा भाग नाही, अख्खा गिअरबॉक्सच बदलायला सांगतात.

प्रश्न : मेमध्ये दुपारी समृद्धीने शिर्डीला निघालो, पाच जण आणि डिक्की भरलेली. गिअरबॉक्स गरम झाल्याचा इशारा आला आणि गाडी पळेनाशी झाली. थंड झाल्यावर नीट चालली. काही खराब झाले असेल का? (हिंगणा)

उत्तर : गाडीने स्वतःच जोर कमी केला, ते तुमच्या भल्यासाठी. नेहमी ऑईल ८० ते ९५ अंशांवर असते, १२० च्या पुढे गेले की कंट्रोलर आवर घालतो. एकदाच झाले असेल तर ऑईल बदला आणि कोड बघा, बहुधा तेवढ्यावर भागेल.

कारण शोधायला मात्र बंपर काढा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑईल इंजिनच्या कूलंटनेच थंड होते, म्हणजे रेडिएटर चोंदला की दोघेही तापतात. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघा. महामार्गावरचे किडे, धूळ आणि आपल्याकडे खास म्हणजे कापसाच्या गाड्यांतून उडालेले तंतू गोधडीसारखे थर धरतात. बाहेरून बघितले तर रेडिएटर स्वच्छच दिसतो! साध्या पाइपच्या पाण्याने इंजिनकडून पुढच्या बाजूला धुवा. प्रेशर गन जवळ धरली तर पात्या दुमडतात. सोबत कूलंटची मुदत आणि पंख्याचा दुसरा वेग चालतो का तेही तपासा.

पुन्हा इशारा आला तर कडेच्या पट्टीवर उभे राहू नका, हळूहळू पुढच्या विश्रांतीच्या जागी पोहोचा. पीमध्ये टाका, एसी बंद करा आणि इंजिन चालू ठेवा. ऑईलचा पंप इंजिनावरच फिरतो, इंजिन बंद केले की कूलरमधले ऑईलही थांबते. इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असेल तर मात्र लगेच बंद.

प्रश्न : सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला तेव्हा आमची गाडी थोडक्यात वाचली. पुन्हा पाणी आले तर सीव्हीटीचे काय करायचे? (अंबाझरी लेआउट)

उत्तर : पाणी चाकाच्या मध्यावर चढले असेल तर सुरू करू नका, चावी ऑनही नको. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी ब्रीदरची नळी असते, तिच्या तोंडापर्यंत पाणी पोहोचले की ते आत जाते. त्या ऑईलचा रंग दुधाळ गुलाबी किंवा कॉफीसारखा होतो. पाण्याने क्लचचे अस्तर सुटते आणि पुलीला गंज धरतो, म्हणून दिवस मोजू नका, तास मोजा. ऑईल पूर्ण काढून नवे भरा, थोडे चालवा, पुन्हा काढा. निघालेले ऑईल स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचे.

गाडी न्यायची ती फ्लॅटबेडवर. न्यूट्रल करून दोरीने ओढली तर चाकांसोबत आतले भाग फिरतात, पण इंजिन बंद म्हणून पंप बंद आणि ऑईल कुठेच पोहोचत नाही.

प्रश्न : ग्रँड विटारा हायब्रिडची ई-सीव्हीटी आणि सीव्हीटी एकच का? (धरमपेठ)

उत्तर : नावापुरती. तिच्यात ना पट्टा ना सरकणाऱ्या पुली. इंजिन आणि दोन इलेक्ट्रिक मोटारी एका प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या) गिअर संचाला जोडलेल्या असतात आणि मोटारींचा वेग बदलून रेशो बदलतो. पट्टा घसरण्याची चिंता तिथे नाहीच. मागच्या सीटजवळची हायब्रिड बॅटरीची हवेची जाळी सामान ठेवून झाकू नका, एवढे पथ्य.

प्रश्न : रामटेकच्या गडावर चढताना आरपीएम चार हजारावर जाते, गाडी मात्र सावकाश. उतरताना ब्रेकचा वास आला. दोष आहे का? (कळमना)

उत्तर : चढतानाचा आवाज हा दोष नाही. जोर लागतो त्या आरपीएमवर इंजिन धरून ठेवायचे आणि रेशो बदलत राहायचा, ही सीव्हीटीची रीतच आहे. आरपीएम उडते आणि वेग पडतो असे झाले तरच काळजी. चढावर थांबलात तर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक किंवा हँडब्रेक लावा. उतरताना वरूनच एल किंवा एसमध्ये टाका, स्टिअरिंगमागे पॅडल असतील तर गिअरचा आकडा खाली आणा. वास आला म्हणजे तुम्ही डीमध्ये सगळा उतार ब्रेकवर उतरलात. पॅड आणि ब्रेक ऑईल एकदा दाखवून घ्या.