विंडोज ११ टाकल्यावर लॅपटॉपचा कीबोर्ड नीट चालत नाही, काय करू?

कीबोर्ड बदलायला दुकानात धावू नका. आधी लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जच्या स्क्रीनवर जा (त्यासाठी लॅपटॉप सुरू होतानाच कंपनीनुसार एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबा). तिथे बाणांची बटणं चालली तर कीबोर्ड बहुधा ठणठणीत आहे, घोळ विंडोजचा आहे. तिथेही काहीच हललं नाही, तर कीबोर्डची आतली केबल किंवा कीबोर्डच गेला असण्याची शक्यता जास्त.

शिफ्ट आणि २ दाबल्यावर @ ऐवजी " येतंय का? मग लेआउट (कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, ही मांडणी) यूएसऐवजी यूके झालाय. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून बदला, आणि सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीतून यूके काढूनच टाका, नाहीतर तो परत डोकावतो. मराठी टायपिंगसाठी दोन-तीन लेआउट ठेवणाऱ्यांना हा त्रास हमखास.

बटण बराच वेळ दाबून धरल्यावरच अक्षर उमटत असेल तर फिल्टर कीज (चुकून झालेले स्पर्श दुर्लक्षित करणारी सोय) चालू आहे. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबलं गेलं की ते चालू करायचं का असं विंडोज विचारतं, आणि आपण न वाचता होय म्हणतो! सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा.

काहीच उमटत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. ड्रायव्हर (कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आपोआप परत बसतो. तोवर पासवर्डसाठी लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यातला ऑन-स्क्रीन कीबोर्ड आहेच. तरीही जमलं नाही, तर अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आत रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परत जाता येतं.